झिपमधल्या फाइलींची तारीख-वेळ कोडमधून नेमकी कशी लिहायची? (टार आणि जीझिपसुद्धा)

कोरी_पाटी

पायथन ३.११, लिनक्स सर्व्हर, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ). डेटाबेसमधून वीजमीटरच्या वाचनांच्या सुमारे ४०० सीएसव्ही फाइली काढायच्या, डिस्कवर न उतरवता मेमरीतच झिप बांधायची आणि ब्राउझरला द्यायची, एवढंच काम आहे. वाचन घेतल्याची वेळ डेटाबेसात यूटीसीमध्ये आहे. झिप उघडणाऱ्याला प्रत्येक सीएसव्हीसमोर ती वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे दिसायला हवी.

राइटएसटीआर या फंक्शनला नुसतं नाव आणि मजकूर दिला, तर सगळ्या फाइलींवर झिप बनवल्याची वेळ येते. झिपइन्फो ऑब्जेक्ट बनवून त्यात डेट_टाइम भरला, तर तारीख येते, पण ५ तास ३० मिनिटं मागे. शिवाय झिपचा आकार कितीतरी वाढला. आणि तोच कोड, तोच डेटा विंडोज लॅपटॉपवर चालवला, तर झिपचा एसएचए-२५६ हॅश (बाइटांवरून काढलेला ठसा) सर्व्हरच्या झिपशी जुळत नाही. ग्राहकाला हॅश आधी कळवायचा असल्याने तो जुळणं गरजेचं आहे.

उंबरठा

या सगळ्याची मुळं वेगवेगळी आहेत. आधी झिपच्या पोटात वेळ कुठे असते ते पाहू, म्हणजे ५:३० चा घोळ आपोआप कळेल.

झिपमध्ये प्रत्येक फाइलीची नोंद दोनदा असते. एक मजकुराच्या लगेच आधी, तिला लोकल हेडर म्हणतात. दुसरी झिपच्या शेवटी असलेल्या सूचीत, म्हणजे सेंट्रल डिरेक्टरीत. वेळ दोन्हीकडे लिहिलेली असते: दोन बाइट वेळेचे, दोन तारखेचे. पद्धत जुन्या डॉसची आहे:

तारीख = (वर्ष − १९८०) × ५१२ + महिना × ३२ + दिवस
वेळ = तास × २०४८ + मिनिटं × ३२ + (सेकंद ÷ २, अपूर्णांक सोडून)

७ ऑगस्ट २०२४, दुपारी १४:३५:४८ घ्या. तारीख येते २२७९१, हेक्समध्ये ५९०७. वेळ येते २९८१६, हेक्समध्ये ७४७८. लहान टोक आधी लिहिलं जातं, म्हणून फाइलीत हे चार बाइट ७८ ७४ ०७ ५९ असे दिसतात. लोकल हेडर पीके या दोन अक्षरांनी आणि त्यामागच्या ३, ४ या बाइटांनी सुरू होतं. तिथून शून्यापासून मोजत गेलात की १०व्या बाइटवर वेळ आणि १२व्यावर तारीख. सेंट्रल डिरेक्टरीच्या नोंदीत सुरुवातीला दोन बाइट जास्त असल्याने हेच १२ आणि १४ वर सापडतं. एक झिप एक्सएक्सडीमध्ये (बाइट हेक्समध्ये दाखवणारी कमांड) उघडून हे चार बाइट स्वतः शोधून पाहा, पुढचं सगळं सोपं जाईल.

यातून तीन मर्यादा निघतात. वर्षाला ७ बिट, म्हणून १९८० ते २१०७ एवढीच वर्षं. सेकंदाला ५ बिट, म्हणून फक्त सम सेकंद. आणि टाइमझोनला जागाच नाही. या चार बाइटांत आहे ते भिंतीवरच्या घड्याळातलं वाचन. कुठल्या गावच्या भिंतीवरचं, ते लिहिलेलं नाही.

तुम्ही यूटीसीचे आकडे भरलेत. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते जसेच्या तसे दाखवले. ५:३० चा फरक तिथला आहे.

कोरी_पाटी

म्हणजे भारतीय वेळेचे आकडे भरायचे, एवढंच? मग झिप लंडनमध्ये उघडली तर?

रानजाई

तेवढ्याने भागत नाही, म्हणूनच झिपमध्ये पुढे जादा फील्ड आली. नावाच्या पाठोपाठ एक्स्ट्रा नावाची जागा असते. तिथे ओळखक्रमांक, लांबी आणि माहिती असे तुकडे एकामागून एक ठेवता येतात. वेळेसाठी दोन तुकडे माहीत असायला हवेत.

पहिला यूटी, ओळखक्रमांक हेक्स ५४५५. झिप, अनझिप या कमांडी बनवणाऱ्या इन्फो-झिपने तो रूढ केला. लांबीनंतर १ बाइट झेंड्यांचा: बिट ० म्हणजे बदलाची वेळ आहे, बिट १ म्हणजे वाचल्याची, बिट २ म्हणजे निर्मितीची. मग प्रत्येकी ४ बाइट, १ जानेवारी १९७० यूटीसीपासूनचे सेकंद. लोकल हेडरमध्ये तिन्ही वेळा ठेवता येतात, सेंट्रल डिरेक्टरीत मात्र फक्त बदलाची, म्हणजे तिथे माहितीची लांबी ५ बाइटच.

दुसरा एनटीएफएसचा, ओळखक्रमांक १०. यात तिन्ही वेळा ८-८ बाइटांत असतात, १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या हिशेबाने. युनिक्सच्या सेकंदांवरून तिकडे जाताना ११६४४४७३६०० मिळवायचे आणि १ कोटीने गुणायचं.

तुमच्या कामाला यूटी पुरे. वरच्या उदाहरणातली १४:३५:४८ ही भारतीय वेळ यूटीसीत ०९:०५:४८ होते आणि यूटीमध्ये १७२३०२१५४८ म्हणून जाते. जो प्रोग्रॅम यूटी वाचतो (इन्फो-झिपचा अनझिप, ७-झिप) तो लंडनमध्ये लंडनची आणि पुण्यात पुण्याची वेळ दाखवेल. जो वाचत नाही तो डॉसचे आकडे दाखवेल. म्हणून दोन्ही भरा: डॉसच्या जागी ज्यांच्यासाठी झिप आहे त्यांच्या घड्याळाचं वाचन, यूटीमध्ये खरा क्षण. एकाच ठिकाणी दोन्ही गरजा भागवायला गेलं की कुणालातरी चुकीची वेळ दिसते.

उंबरठा

हे पायथनमध्ये असं उतरतं. नावं देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये नेहमीचीच घ्या.

डेटाबेसमधली वेळ टाइमझोनसकट असलेला डेटटाइम म्हणून घ्या. त्यावर एएसटाइमझोन चालवून झोनइन्फोचा आशिया/कोलकाता द्या. मग टाइमटपल, आणि त्यातले पहिले सहा आकडे. झिपइन्फोला डेट_टाइम म्हणून हे सहाच हवेत. डेटटाइम ऑब्जेक्ट तसाच दिला तर टाइपएरर येते. झोनइन्फो ३.९ पासून पायथनबरोबरच येतं, पण विंडोजवर टाइमझोनची माहिती नसते, तिथे टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं टाका.

यूटीसाठी स्ट्रक्ट.पॅक वापरा. साचा: लहान टोक आधी, दोन बिनचिन्ह २-बाइट आकडे, एक बाइट, एक चिन्हासकट ४-बाइट आकडा. किमती अनुक्रमे हेक्स ५४५५, ५, १ आणि टाइमस्टॅम्प() चा पूर्णांक. एकूण ९ बाइट होतात. ते झिपइन्फोच्या एक्स्ट्रामध्ये ठेवा. पायथन हाच एक्स्ट्रा लोकल आणि सेंट्रल दोन्हीकडे लिहितं. म्हणूनच इथे फक्त बदलाची वेळ ठेवायची, तिन्ही ठेवल्या तर सेंट्रल डिरेक्टरीतला तुकडा नियमाबाहेर जातो.

आता आकार का वाढला ते. झिपइन्फो हाताने बनवलं की त्याचा कम्प्रेस_टाइप मुळात स्टोअर्ड असतो, म्हणजे दाबून न बसवता जसाच्या तसा मजकूर. झिपफाइल उघडताना डिफ्लेटेड दिलं असलं तरी राइटएसटीआर झिपइन्फोमधलंच ऐकतं. प्रत्येक झिपइन्फोवर कम्प्रेस_टाइप = झिप_डिफ्लेटेड लिहा, किंवा राइटएसटीआरला तो वेगळा द्या.

आणखी एक इथेच होतं: एक्सटर्नल_अ‍ॅट्रिब्यूट रिकामं असेल तर पायथन ०६०० परवानगी भरतं. लिनक्सवर उघडलेल्या फाइली मग दुसऱ्या वापरकर्त्याला वाचता येत नाहीत. ०१००६४४ हा अष्टमान आकडा १६ बिट डावीकडे सरकवून तिथे भरा.

सांगाती

हॅश न जुळण्याचं कारण बहुधा क्रिएट_सिस्टम. झिपइन्फो विंडोजवर बनलं तर त्यात ० जातो, इतरत्र ३. नोंद कुठल्या यंत्रणेवर बनली ते सांगणारा तो बाइट सेंट्रल डिरेक्टरीत बसतो. सगळीकडे ३ करून टाका. ० राहिला तर वर उंबरठा यांनी सांगितलेली ०६४४ परवानगीही उघडणारे प्रोग्रॅम बघत नाहीत, कारण युनिक्सच्या परवानग्यांना युनिक्सच्या नोंदीतच अर्थ असतो.

तरी जुळलं नाही तर झेडलिब (दाबणी करणारी लायब्ररी) बघा. दाबणीची पातळी तीच असली तरी झेडलिब आणि झेडलिब-एनजी यांचे दाबलेले बाइट वेगळे येतात. फेडोराने ४० पासून झेडलिबच्या जागी झेडलिब-एनजी घेतलं आहे, म्हणजे एकाच पायथनचे दोन डिस्ट्रोंवर दोन निकाल येऊ शकतात. हॅश आधी कळवायचा असेल तर तो झिपचा न कळवता आतल्या सीएसव्हींचा कळवा, हे माझं ठाम मत आहे. दाबलेले बाइट तेच राहतील असं वचन कुठलीच लायब्ररी देत नाही.

कोरी_पाटी

क्रिएट_सिस्टम ३ केल्यावर दोन्ही हॅश जुळले. वेळही दिसतेय. आतल्या फाइलींचे हॅश देण्याचं पटलं, एक यादी सोबत देतो.

एक प्रश्न. काही फाइलींची नेमकी वेळ सगळा मजकूर लिहून झाल्यावर कळते, शेवटचं वाचन तेव्हा हाती येतं. झिपइन्फो ऑब्जेक्ट हातात असतोच. मग क्लोज करण्याआधी त्याचा डेट_टाइम बदलला तर चालेल ना?

नदीकाठ

नाही, हे करू नका. हा दोष बघताना दिसतच नाही.

लोकल हेडर मजकुराच्या आधी लिहून झालेलं असतं. सेंट्रल डिरेक्टरी क्लोजच्या वेळी लिहिली जाते. मधे डेट_टाइम बदललात तर नवी वेळ फक्त सेंट्रल डिरेक्टरीत जाते, लोकल हेडरमध्ये जुनीच राहते. पायथनचं इन्फोलिस्ट सेंट्रल डिरेक्टरी वाचतं, म्हणून तुम्हाला तपासताना सगळं बरोबर दिसेल. जावाचं झिपइनपुटस्ट्रीम सुरुवातीपासून वाचत जातं, ते लोकल हेडरवर विसंबतं, त्याला जुनी वेळ मिळेल. एकाच झिपच्या दोन वेळा, आणि चूक कुणाची हे शोधण्यात दिवस जातो.

आकार आणि सीआरसी (मजकूर शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) आधी माहीत नसले तरी चालतं, त्यासाठी डेटा डिस्क्रिप्टर आहे. झेंड्यांतला बिट ३ लावायचा आणि हे आकडे मजकुरामागे लिहायचे. पण त्या डिस्क्रिप्टरमध्ये वेळेला जागा नाही. वेळ आधीच ठरलेली हवी. सीएसव्ही आधी बाइट्सआयओमध्ये पूर्ण करा, शेवटची वेळ घ्या, मगच झिपमध्ये घाला. ४०० छोट्या फाइलींना मेमरीचा प्रश्न येणार नाही.

डॉटनेटमध्ये हे आपसूक अडतं. क्रिएट मोडमध्ये झिपआर्काइव्हएंट्रीचा लास्टराइटटाइम एंट्री उघडण्याआधी द्यावा लागतो, नंतर दिला तर आयओएक्सेप्शन येतो. पायथन अडवत नाही.

खडूफळा

आधीच बनलेल्या हजारभर झिप आहेत, सगळ्यांच्या वेळा ५:३० ने मागे. परत बनवायला मूळ डेटा नाही. बाइट जागच्या जागी बदलले तर झिप मोडेल का?

उंबरठा

साध्या झिपची मोडणार नाही. सीआरसी-३२ हा फक्त मूळ मजकुराचा असतो, हेडरचा नसतो. लांबीही बदलत नाही, चार बाइटांच्या जागी चारच बाइट. क्रम असा ठेवा:

झिप पायथनने उघडून इन्फोलिस्ट घ्या. प्रत्येक नोंदीचा हेडर_ऑफसेट मिळतो, तो लोकल हेडरचा पत्ता. झिप बंद करा. तीच फाइल आर+बी मोडमध्ये उघडा. हेडर_ऑफसेट + १० वर जाऊन नवे चार बाइट लिहा. सेंट्रल डिरेक्टरीसाठी फाइलीच्या शेवटून समाप्तीची नोंद शोधा (पीके आणि ५, ६ असे बाइट). तिच्या १६व्या बाइटवर सेंट्रल डिरेक्टरीची सुरुवात ४ बाइटांत असते. तिथून प्रत्येक नोंद ४६ बाइट + नाव + एक्स्ट्रा + टिप्पणी अशा उड्या मारत जायचं. या तिघांच्या लांब्या २८, ३० आणि ३२व्या बाइटवर, प्रत्येकी २ बाइट. प्रत्येक नोंदीच्या १२व्या बाइटवर तेच चार बाइट लिहायचे.

५:३० मिळवताना तारीख उलटू शकते. म्हणून बिटांवर बेरीज करत बसू नका. आधी डेटटाइम बनवा, त्यात टाइमडेल्टा मिळवा, मग परत पॅक करा.

आणि आधी एक्स्ट्रा तपासा. त्यात यूटी असेल तर तो क्षण बहुधा मुळातच बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही, फक्त डॉसचे आकडे दुरुस्त करायचे.

नदीकाठ

"साध्या झिपची" हे शब्द जपून वाचा, दोन अपवाद आहेत.

पासवर्डच्या जुन्या पद्धतीत दाबलेल्या मजकुराआधी १२ बाइटांचं एक हेडर असतं आणि त्यातल्या शेवटच्या बाइटवरून पासवर्ड बरोबर आहे का ते कळतं. एरवी तो बाइट सीआरसीच्या वरच्या बाइटशी ताडला जातो. पण बिट ३ लावलेला असेल तर सीआरसी आधी माहीत नसतो, मग तो डॉसच्या वेळेच्या वरच्या बाइटशी ताडतात. अशा झिपमध्ये तास बदललात की खरा पासवर्डही चुकीचा ठरतो. मजकूर शाबूत असतो, पण उघडणारा प्रोग्रॅम दारातच परत पाठवतो. मूळ वेळ परत लिहिली की पुन्हा उघडते.

दुसरा अपवाद एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, तीही झिपच असते. अँड्रॉइड ७.० पासूनची सही योजना, दुसरी आवृत्ती, जवळजवळ सगळी फाइल सहीखाली घेते. हेडरचा एक बाइट हलला तरी सही मोडते. साध्या जारची (जावाच्या झिप पॅकेजची) सही आतल्या फाइलींच्या हॅशवर असते, तिला वेळेने फरक पडत नाही.

खडूफळा

पासवर्ड नाही, एपीके नाही. २० झिपवर करून पाहिलं, अनझिप -टी ने सगळ्या ठीक दाखवल्या. उरलेल्यांच्या प्रती काढून मग चालवतो.

रानजाई

प्रती काढणं योग्यच. तपासायला झिपइन्फो -व्ही वापरा (कमांड म्हणतेय, पायथनचा क्लास नव्हे). तो डॉसची वेळ आणि यूटीची वेळ वेगवेगळ्या ओळींत दाखवतो. नुसत्या अनझिप -एल मध्ये यूटी असेल तर त्यावरून काढलेली स्थानिक वेळ दिसते आणि डॉसचे आकडे चुकलेले असले तरी कळत नाही.

सांगाती

सम सेकंदांबद्दल थोडं. पायथन सेकंदाला २ ने भागून अपूर्णांक सोडतं: ४९ चे ४८ होतात. इन्फो-झिपची झिप कमांड उलट वर नेते: ४९ चे ५०. एकच फाइल दोन्हींनी बांधली तर वेळेत २ सेकंदांचा फरक दिसतो, आणि दुसरीत ती मूळ फाइलीपेक्षा १ सेकंदाने नवी ठरते. मेक किंवा आरसिंक लावत असाल तर या एका सेकंदापायी सगळं पुन्हा बनतं, पुन्हा कॉपी होतं. आरसिंकला --मॉडिफाय-विंडो=१ द्या. यूटी भरला असेल आणि उघडणारा तो वाचत असेल, तर हा प्रश्नच नाही, तिथे पूर्ण सेकंद असतात.

माजघर

जावात काय करावं? सेटटाइम, सेटटाइमलोकल, सेटलास्टमॉडिफाइडटाइम अशा तीन पद्धती दिसतात. कंटेनरही यूटीसीवर आहे.

नदीकाठ

सेटटाइम मिलिसेकंद घेतं आणि जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टाइमझोनप्रमाणे डॉसचे आकडे काढतं. तुमच्या कंटेनरमध्ये म्हणजे यूटीसीचे. सेटटाइमलोकल, जावा ९ पासून, लोकलडेटटाइम घेतं आणि ते आकडे थेट भरतं, टाइमझोन मधे येत नाही. पण यूटी लिहीत नाही. सेटलास्टमॉडिफाइडटाइम, जावा ८ पासून, यूटी लिहितं, आणि डॉसचे आकडे मात्र पुन्हा जेव्हीएमच्या टाइमझोननेच. शेवटची दोन एकापाठोपाठ चालवून दोन्ही साधत नाही, दुसरं पहिल्याचं पुसतं. दोन्ही हवं असेल तर सेटलास्टमॉडिफाइडटाइम वापरा आणि जेव्हीएम सुरू करतानाच यूझर.टाइमझोन आशिया/कोलकाता करा. काहीच दिलं नाही तर झिपआउटपुटस्ट्रीम चालू वेळ टाकतं.

गो मध्ये हे जास्त नीट आहे. फाइलहेडरच्या मॉडिफाइडमध्ये वेळ भरली की यूटी लिहिला जातो, आणि डॉसचे आकडे त्या वेळेच्या स्वतःच्या लोकेशनप्रमाणे. म्हणजे इन(कोलकाता) करून दिलं की काम झालं. फक्त रायटरचं क्रिएट(नाव) वापरलं तर वेळ रिकामी राहते, महिना ०, दिवस ०. उघडणारे प्रोग्रॅम त्याचा अर्थ ३० नोव्हेंबर १९७९ असा लावतात. ही तारीख कुठेही दिसली की समजा, वेळ भरलेलीच नाही.

पीएचपीत ८.० पासून झिपआर्काइव्हला सेटएमटाइमनेम आणि सेटएमटाइमइंडेक्स आहेत. जेएसझिपमध्ये डेट हा पर्याय आहे, पण तो डॉसचे आकडे यूटीसीत लिहितो. ब्राउझर भारतात असला तरी ५:३० मागे. तिथे डेटमध्ये आधीच ५:३० मिळवून द्यावे लागतात.

माजघर

आभार. ग्रेडलने (जावाच्या बिल्ड साधनाने) बनवलेल्या जारमध्ये सगळीकडे १ फेब्रुवारी १९८० दिसते, तीही यामुळेच का? १ जानेवारी का नाही?

नदीकाठ

हो, प्रिझर्व्हफाइलटाइमस्टॅम्प्स बंद असेल तर ती तारीख ठोकली जाते, म्हणजे कधीही बिल्ड केलं तरी जार तीच. १ जानेवारी १९८० ही डॉसची अगदी कडेची तारीख आहे. तीच जर यूटीसीतला क्षण म्हणून धरली, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ती ३१ डिसेंबर १९७९ ची दुपार होते आणि डॉसच्या हद्दीबाहेर जाते. जावा अशा वेळी जादा फील्ड लिहायला लागतं आणि बाइट बदलतात. महिनाभर आत सरकलं की कुठलाही टाइमझोन त्रास देत नाही. भारतात यूटीसीची कडेची तारीख ०५:३० ला येते म्हणून आपल्याकडे हा दोष कधी दिसत नाही, आणि बाहेरच्या सर्व्हरवर गेल्यावर उगवतो.

मेव्हनमध्ये याच कामाला प्रोजेक्ट.बिल्ड.आउटपुटटाइमस्टॅम्प आहे. एनपीएम पॅकेजांत २६ ऑक्टोबर १९८५, ०८:१५ यूटीसी ठोकलेली असते, आपल्याकडे ती दुपारी पावणेदोनची दिसते.

कोरी_पाटी

१९८० वरून आठवलं, एका मीटरची वेळ डेटाबेसात ० आहे, म्हणजे १९७०. तिथे पायथन व्हॅल्यूएरर देतं.

उंबरठा

झिपइन्फोला १९८० आधीचं वर्ष चालतच नाही. डिस्कवरच्या फाइली राइटने घालत असाल तर झिपफाइलला स्ट्रिक्ट_टाइमस्टॅम्प्स=फॉल्स देता येतं (३.८ पासून), मग जुनी वेळ १ जानेवारी १९८० वर आणि पुढची ३१ डिसेंबर २१०७ वर आणून बसवली जाते. तुम्ही झिपइन्फो हाताने बनवता, तिथे हे लागू पडत नाही. पण मीटरच्या वाचनाची वेळ ० असणं हा डेटाचा दोष आहे. तो १९८० करून लपवू नका. ती फाइल वेगळी काढा.

निक्स या पॅकेज मॅनेजरवर पायथनची पॅकेजं बांधताना हीच अडचण येते, कारण तिथे फाइलींची वेळ १९७० च्या पहिल्या सेकंदावर आणलेली असते. म्हणून सोर्स_डेट_इपॉक ३१५५३२८०० ठेवतात, तोच १ जानेवारी १९८० यूटीसी.

खडूफळा

टार.जीझेडचं कुणी सांगेल का? टारइन्फोचा एमटाइम ठरवून दिला तरी दर वेळी हॅश वेगळा येतो.

सांगाती

टार बरोबर आहे, वरचं जीझिपचं वेष्टन बदलतंय. जीझिपचं हेडर १० बाइटांचं असतं. पहिले दोन ओळखीचे, ३१ आणि १३९, मग पद्धत, मग झेंडे. ४ ते ७ या बाइटांत युनिक्स वेळ. टारफाइल.ओपनला डब्ल्यू:जीझेड दिलं की पायथन तिथे चालू वेळ लिहितं. आरएफसी १९५२ प्रमाणे ० म्हणजे "वेळ दिलेली नाही", आणि तेच इथे हवं.

आधी कच्ची फाइल डब्ल्यूबीमध्ये उघडा. तिच्यावर जीझिपफाइल: फाइलनेम रिकामी स्ट्रिंग, मोड डब्ल्यूबी, फाइलऑब्ज ती कच्ची फाइल, एमटाइम ०. फाइलनेम रिकामं का? नाहीतर कच्च्या फाइलीचं नावही हेडरमध्ये जातं आणि नाव बदललं की हॅश बदलतो. मग टारफाइल.ओपनला फाइलऑब्ज म्हणून जीझिपफाइल आणि मोड नुसता डब्ल्यू. बंद करताना आतून बाहेर: टार, जीझिप, कच्ची. जीझिपफाइल बंद करायची राहिली तर शेवटचे सीआरसी आणि लांबीचे ८ बाइट लिहिले जात नाहीत आणि उघडताना फाइल अर्धवट असल्याची तक्रार येते.

टारइन्फोत साइझ विसरू नका. ते ० राहिलं तर अ‍ॅडफाइल शून्य बाइट लिहितं आणि चूकही दाखवत नाही. एमटाइम विसरलात तर तो ० असतो, भारतात १ जानेवारी १९७०, पहाटे ०५:३०. आणि एमटाइम पूर्णांकच द्या. दशांश दिला तर प्रत्येक फाइलीमागे पॅक्सचं (टारच्या विस्तारित स्वरूपाचं) जादा हेडर लागतं, ५१२ चे दोन ठोकळे, म्हणजे १०२४ बाइट.

टारमध्ये वेळ यूटीसीच असते, हेडरच्या १३६व्या बाइटपासून १२ बाइटांत अष्टमान आकड्यांच्या रूपात. टाइमझोनचा घोळ नाही. पण झिपसारखं जागच्या जागी बदलायला जाल तर १४८व्या बाइटवरची बेरीजही नव्याने मांडावी लागते, कारण ती या हेडरच्या ५१२ बाइटांची असते. ती काढताना बेरजेच्या स्वतःच्या ८ बाइटांच्या जागी ८ स्पेस धरायच्या.

कमांडवरून करायचं तर जीएनयू टारला --सॉर्ट=नेम, --एमटाइम, --ओनर=०, --ग्रुप=०, --न्यूमेरिक-ओनर द्या आणि निकाल जीझिप -एन मधून काढा. हा छोटा एन. मोठा एन उलट काम करतो, उघडताना हेडरमधलं नाव आणि वेळ परत लावतो.

खडूफळा

जुळला. एक्सझेड वापरलं तर हे सगळं टळेल का?

सांगाती

वरच्या वेष्टनापुरतं टळेल. एक्सझेड, बीझिप२ आणि झेडस्टँडर्ड यांच्या हेडरमध्ये वेळ नसतेच. आतल्या टारचं तुम्हालाच बघावं लागेल.

कोरी_पाटी

शेवटचं: ग्राहकाकडेही पायथनच आहे. तिथे एक्स्ट्रॅक्टऑल केल्यावर सगळ्या फाइलींवर उघडल्याची वेळ येते. झिपमध्ये वेळ बरोबर आहे, ते तपासलं.

रानजाई

पायथनचं झिपफाइल उघडताना वेळ लावतच नाही. टारफाइल लावतं, झिपफाइल नाही. प्रत्येक नोंदीनंतर ओएस.यूटाइम तुम्हालाच चालवावं लागेल.

आधी एक्स्ट्रा चाळा. २ बाइट ओळखक्रमांक, २ बाइट लांबी वाचत पुढे जायचं. हेक्स ५४५५ सापडला आणि झेंड्याचा बिट ० लागलेला असला तर पुढचे ४ बाइट म्हणजे तयार युनिक्स वेळ. तो नसेल तरच डेट_टाइमकडे या. त्यातून बनवलेल्या डेटटाइमला टीझेडइन्फो म्हणून आशिया/कोलकाता लावूनच टाइमस्टॅम्प() काढा. न लावता काढलात तर तो ज्या मशीनवर चालतोय तिथला टाइमझोन धरतो आणि ५:३० चा फरक दुसऱ्या बाजूने परत येतो.

फोल्डरांची वेळ सगळ्यात शेवटी लावा, आतल्या फोल्डरांपासून बाहेर. फोल्डरमध्ये नवी फाइल पडली की फोल्डरची स्वतःची वेळ बदलते, म्हणून आधी लावलेली पुसली जाते.

कोरी_पाटी

आधी यूटी, मग डॉस, शेवटी फोल्डर या क्रमाने लिहिलं. लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे ४०० च्या ४०० फाइलींच्या वेळा डेटाबेसशी सेकंदापर्यंत जुळल्या.